१९७१ ची ‘टोपास’ विकणाऱ्या ‘माजी फौजी’पासून सावध राहा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात वॉरगेमिंग, म्हणजे टेबलावर छोट्या मॉडेल्सनी लढाया खेळणारे आणि त्यासाठी चिलखती गाड्यांची मॉडेल्स जमवणारे लोक बोटावर मोजण्याइतके. पण नेमक्या याच लोकांना हेरून एक इसम सध्या व्हॉट्सॲपवर धंदा करतोय. आमच्या रविवारच्या ग्रुपचे चौदा हजार रुपये त्याने खाल्ले. पुढचा बकरा तुम्ही होऊ नये म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

आम्ही १९७१ च्या शकरगडच्या लढाईची मांडणी करत होतो. प्रमाण १:७२. दोन्हीकडे सैनिक वाहून नेणाऱ्या चिलखती गाड्या: पाकिस्तानच्या बाजूला अमेरिकन एम११३ आणि आपल्या बाजूला टोपास, म्हणजे रशियन बीटीआर-५० वरून चेकोस्लोव्हाकिया-पोलंडने बनवलेली ओटी-६२. एम११३ कुठेही मिळते, टोपासच्या नावाने मात्र बोंब. या माणसाला ती नड बरोबर ठाऊक होती. त्याचा पहिलाच मेसेज होता, “टोपास पाहिजे काय? मी स्वतः बसलोय त्यात.” आपण माजी सैनिक, हाताने मास्टर (मूळ नमुना) कोरतो, रेझिनमध्ये ओततो, रिव्हेटसुद्धा मोजून लावतो, असं त्याचं सांगणं. बेळगावात मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या सेंटरशी ज्याचा संबंध नाही असं घर शोधावं लागेल. इथे ‘फौजी’ म्हटलं की माणूस खुर्ची पुढे सरकवतो. बोलणंही इथलंच. “काय काळजी करू नका ओ, मी हाय की!”

निम्मे पैसे आगाऊ, निम्मे पॅकिंगचा फोटो आल्यावर. फोटो आला, पैसे गेले, खोकंही आलं. त्यात फक्त एम११३ होत्या. टोपास “मागनं येतंय” म्हणाला.

खोकं उघडलं तेव्हा आमच्यातले मामा हजर होते. ते उद्यमबागेत फाउंड्रीचे पॅटर्न, म्हणजे ओतकामाच्या साच्यासाठीचे नमुने बनवतात. बीड ओतलं की थंड होताना साधारण एक टक्का आकसतं, म्हणून पॅटर्न आधीच तेवढा मोठा ठेवायचा, यात त्यांचा जन्म गेला. त्यांनी गाडी हातात घेतली, खिशातून व्हर्नियर काढला आणि लांबी मोजली. चौसष्ट मिलिमीटर. खरी एम११३ सुमारे ४.८६ मीटर लांब. बहात्तरने भागलं की साडेसदुसष्ट मिलिमीटर यायला हवेत. मामा म्हणाले, “साचा एवढा आकसत नाही रे. हे मुळातच लहान केलंय.” शहात्तरने भागून बघितलं तर चौसष्ट बरोबर येतं. म्हणजे माल १:७६ चा, दर १:७२ चा.

मग त्यांनी गाडी खिडकीच्या उजेडात तिरकी धरली. बाजूच्या सपाट पत्र्यावर केसाइतक्या बारीक आडव्या रेघा, एकसारख्या अंतरावर. या थ्रीडी प्रिंटरच्या थरांच्या रेघा. कुठली तरी फाइल उतरवायची, लहान करून एक नग छापायचा, त्यावर सिलिकॉनचा साचा घ्यायचा आणि स्वस्तातलं रेझिन ओतत सुटायचं. हातकोरीव मास्टर वगैरे सगळ्या गप्पा. झाकणांच्या बिजागऱ्या तर साबण विरघळावा तशा गुळगुळीत. आणि कहर म्हणजे मागच्या रॅम्पच्या (खाली पडणाऱ्या दाराच्या) दोन्ही अंगांना इंधनाच्या टाक्यांचे खोके! बाहेरच्या या टाक्या एम११३ ए३ ला असतात आणि ती आली १९८७ साली. शकरगडच्या टेबलावर ही गाडी म्हणजे शिवकालीन नाटकात मनगटी घड्याळ. रिव्हेट मोजणाऱ्याला हे दिसलं नसेल? एम११३ चं कवच रिव्हेट मारलेलं नव्हे, वेल्ड केलेल्या ॲल्युमिनियमचं असतं, हे तरी त्याला कुठे माहीत होतं म्हणा.

टोपासचा किस्सा याहून भारी. आठवडाभराने निरोप आला की पार्सल कोगनोळी नाक्यावर जीएसटीवाल्यांनी अडवलंय, ई-वे बिल (माल वाहतुकीचा ऑनलाइन परवाना) नाही, अठराशे रुपये भरा. आपण सीमेवरची माणसं, कोल्हापूरला जाता-येता कोगनोळी रोजची. जीएसटी आल्यावर कराचे नाके उठले आणि अशा मालाला पन्नास हजारांच्या आत ई-वे बिल लागत नाही. हे ऐकवल्यावर फौजीसाहेबांनी आम्हाला ब्लॉक केलं.

मग त्याने पाठवलेला टोपासचा फोटो नीट पाहिला. टोपासला पुढच्या अंगाला डावी-उजवीकडे असे दोन फुगवटे असतात. बीटीआर-५० ला एकच, तोही गाडीच्या डाव्या हाताला. फोटोत फुगवटा एकच होता आणि तो उजव्या हाताला! दुसऱ्या कुणाच्या तरी बीटीआर-५० चा फोटो आरशासारखा उलटा करून टोपास म्हणून खपवला होता. उलटा का, तर इंटरनेटवर शोधून मूळ फोटो चटकन सापडू नये म्हणून. आम्ही तो पुन्हा सुलटा करून शोधला आणि परदेशातल्या एका हौशी माणसाच्या पानावर मिळाला.

१९३० या सरकारी हेल्पलाइनवर फोन केला, सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रारही नोंदवली. पैसे ज्या खात्यात गेले त्याचं नाव आणि ‘फौजी’ने सांगितलेलं नाव यांचा काडीचा संबंध नाही. क्यूआर स्कॅन केल्यावर पडद्यावर नाव दिसतं, तिथे थांबून ते वाचा. पैसे गेलेच तर त्याच तासात १९३० ला कळवा. रक्कम पुढच्या खात्यात सरकायच्या आत गोठवता येते. आमची सरकली होती.

ऑर्डर देण्याआधी त्याच मॉडेलचा, शेजारी पट्टी आणि आजच्या तारखेची चिठ्ठी ठेवलेला, बाजूने आणि मागून काढलेला फोटो मागा. खरं काम करणारा असल्या चौकशीने खूश होतो. चार फोटो जास्तच पाठवतो आणि एखादी चूक आपणहून सांगतो. आमच्या या पठ्ठ्याने मात्र तेव्हा “विश्वास नाही काय सर फौजीवर?” असं म्हणून वेळ मारून नेली होती.

गेल्या आठवड्यात निपाणीच्या एका ओळखीच्या मुलाला नव्या नंबरवरून तोच मजकूर आलाय. या वेळी माल ‘स्कॉट’, आपल्या सैन्याने वापरलेली आठ चाकांची ओटी-६४. फोटोत एका बाजूला तीनच चाकं आहेत.