कीटकभक्षी झाडांसाठी घेतलेला क्लिपचा ग्रो लाइट: तीनही ऋतूंतील वापरानंतरचा अनुभव

वीज जाऊन आल्यावर माझा ग्रो लाइट (घरातल्या झाडांच्या वाढीसाठीचा दिवा) आपोआप लागत नाही, ही माझी तक्रार विक्रेत्याच्या सेवाकेंद्राने ‘दोष आढळला नाही’ असा शेरा मारून नुकतीच बंद केली, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे. चार लवचिक दांड्यांचा, लाल-निळा, पांढरा आणि मिश्र अशा तीन प्रकारे लागणारा, 3, 9 व 12 तासांचा टायमर असलेला हा दिवा बहुतेकांच्या परिचयाचा आहे. माझ्या पुण्यातील उत्तरेकडे खिडकी असलेल्या खोलीत एक व्हीनस फ्लायट्रॅप (मिटणाऱ्या सापळ्यासारख्या पानांनी कीटक पकडणारा), एक केप सनड्यू (पानांवरील चिकट थेंबांनी कीटक पकडणारा) आणि व्हेंट्राटा ही संकरित घटपर्णी (घड्यासारख्या पानांत कीटक पकडणारी) आहे. तिन्ही झाडे जगत होती, वाढतही होती, पण त्यांची लाली जाऊन ती पूर्ण हिरवी पडली होती.

असे होणे स्वाभाविक आहे. आपल्याला लख्ख वाटणाऱ्या खोलीतही खिडकीपासून थोडे आत उजेड हजार लक्सच्या (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) आसपास असतो, तर मोकळ्यावरील दुपारच्या उन्हात तो एक लाखापर्यंत जातो. फ्लायट्रॅपच्या सापळ्याचा आतला लाल रंग आणि सनड्यूच्या स्पर्शिकांची लाली ही मुख्यतः अँथोसायनिन या रंगद्रव्यामुळे येते. तीव्र प्रकाशात झाड ते भरपूर तयार करते, आणि मंद उजेडात त्यावर शक्ती खर्च करत नाही. पावसाळ्याच्या अखेरीस कासच्या पठारावर उघड्या जांभ्यावरील मातीच्या पातळ थरात दवबिंदूची (आपल्याकडच्या रानटी सनड्यूची) इवलीशी झाडे लालबुंद झालेली दिसतात, ती याच कारणाने.

दिवा लावल्यावर जुने सापळे फारसे बदलले नाहीत, पण नव्याने उमललेले सापळे आधी गुलाबी आणि मग लाल झाले. जानेवारीत तर रंग इतका गडद झाला की मी दिव्याला पूर्ण गुण देऊन मोकळा झालो होतो. एप्रिलमध्ये तोच दिवा, तेच अंतर आणि तेवढेच तास असूनही लाली उतरली. थंडीतही अँथोसायनिन वाढते, आणि पुण्यातील थंड रात्रींचा वाटा मी दिव्याच्या नावावर जमा केला होता. म्हणून पाचपैकी पाच गुणांचे आता साडेतीन करत आहे. खरेदी करताना जात कोणती आहे हेही पाहावे. ‘अकाई र्‍यू’ हा फ्लायट्रॅप चांगल्या उजेडात सगळाच लाल होतो, तर ‘जस्टिना डेव्हिस’ कितीही प्रकाश दिला तरी हिरवाच राहतो.

लाल-निळा प्रकार मी वापरणे सोडून दिले आहे. त्या जांभळट उजेडात हिरवी पाने काळपट दिसतात, त्यामुळे पान लाल झाले आहे, पिवळे पडते आहे की सडते आहे हे कळतच नाही. पांढऱ्या प्रकाशात, दिव्याचे तोंड पानांपासून 15 सेंटिमीटरवर ठेवल्यावर सनड्यू सर्वांत छान रंगला. घटपर्णीला मात्र एवढ्या जवळ ठेवू नये. तिची पाने तांबूस-पिवळी होऊ लागली, आणि थोडी मागे सरकवल्यावर नवी पाने पुन्हा हिरवी आली.

आता ज्या दोषापायी हे सर्व लिहितो आहे तो टायमर. वीज जाऊन परत आली की हा दिवा बंदच राहतो, आणि बटण दाबल्याशिवाय लागत नाही. आमच्याकडे गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज बंद असते आणि पावसाळ्यात ती कधीही जाते. गावी गेलो असताना अशीच वीज गेली, आणि परतल्यावर सनड्यूची नवी पाने फिकट हिरवी, लांबुडकी आणि जवळजवळ चिकाशिवाय आढळली. बाहेरून वेगळा टायमर लावावा, तर तोही निरुपयोगी, कारण प्लगला वीज मिळाली तरी दिव्यातील नियंत्रकाला आधीची स्थिती आठवत नाही. सेवाकेंद्राचे म्हणणे असे की ही रचनाच तशी आहे. ज्या वस्तूचे एकमेव काम रोज ठरावीक तास उजेड देणे हे आहे, तिने पाच मिनिटे वीज गेल्यावर ते काम सोडून द्यावे, ही रचना मला मुळीच मान्य नाही. खोक्यावर 80 वॅट छापलेले असताना मापकावर 20 च्या आसपास आकडा दिसतो, तेही एक वेळ सोडून देईन.

दिव्यासोबत घेतलेल्या तयार मिश्रणाबद्दलही लिहिले पाहिजे, कारण काही काळ त्याचे अपयशही मी दिव्याच्या माथी मारत होतो. ‘कीटकभक्षींसाठी खास’ म्हणून आलेल्या त्या पिशवीत बहुतांश न धुतलेला कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) होता. त्यात सोडियम व पोटॅशियमचे क्षार बरेच असू शकतात, आणि या झाडांच्या मुळांना क्षार सोसत नाहीत. पानांच्या कडा तपकिरी झाल्या आणि मधला भाग पिवळा पडला. हा पिवळेपणा उजेड वाढवून जात नाही. आम्लधर्मी, खताविना असलेले पीट मॉस (दलदलीतील कुजलेले शेवाळ) आणि परलाइट (हलके, सच्छिद्र पांढरे खडे) यांच्या मिश्रणात झाडे हलवली, आणि टँकरचे पाणी बंद करून साठवलेले पावसाचे पाणी दिले, तेव्हा नवी पाने स्वच्छ रंगाची आली. पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण) 50 पीपीएमच्या खाली ठेवावा. मातीत खत घातल्यास पाने हिरवीगार होतात, पण नत्र आयते मिळू लागल्यावर लाली घटते. सॅरासेनियासारखे (नळीसारख्या पानांत कीटक पकडणारे) झाड तर नळीऐवजी चपटी पाने काढू लागते.

सध्या साधी 20 वॅटची, 6500 केल्व्हिनची (थंड पांढऱ्या उजेडाची) एलईडी पट्टी आणि फिरत्या चकतीचा टायमर वापरतो आहे. दोन्ही मिळून क्लिपच्या दिव्यापेक्षा स्वस्त पडले. 12 तासांच्या हिशेबाने महिन्याला सुमारे सात युनिट वीज लागते. वीज गेली तर चकती तेवढा वेळ मागे पडते, पण दिवा आपोआप लागतो. क्लिपचा दिवा घ्यायचाच असेल, तर विक्रेत्याला समोर प्लग काढून परत लावायला सांगावे आणि दिवा आपोआप लागला तरच पैसे द्यावेत.