मार्चअखेर पार पडली : कर सल्लागार कार्यालयात लिनक्स मिंट २२.२

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे नियमित सुरक्षा अपडेट बंद झाले, तेव्हा आमच्या छोट्याशा कर सल्लागार कार्यालयातले चारपैकी तीन संगणक विंडोज ११ च्या उंबरठ्यावरच अडले. तिन्हींत इंटेलचा सहाव्या पिढीचा प्रोसेसर आहे आणि विंडोज ११ ला साधारणपणे आठवी पिढी व टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, एरवी यंत्रे ठणठणीत, आठ जीबी रॅमची आणि मागाहून एसएसडी बसवलेली. व्यावसायिक ग्राहकांना सुरक्षा अपडेटची मुदतवाढ विकत मिळते, पण तिचा दर पहिल्या वर्षी संगणकामागे ६१ डॉलर आणि पुढे दरवर्षी दुप्पट असल्यामुळे तीन वर्षांचे ४२७ डॉलर होतात, आणि एवढे मोजूनही जुना संगणक जुनाच राहतो. म्हणून दिवाळीच्या सुटीत त्या तिन्ही संगणकांवर लिनक्स मिंट २२.२ ही विंडोजऐवजी चालणारी मोफत संगणक प्रणाली, तिच्या सिनॅमन या पडद्याच्या मांडणीसह, बसवली. मार्चअखेरची धांदल तिच्यावर काढल्यानंतर हे परीक्षण लिहीत आहे.

बसवण्याचे काम अपेक्षेपेक्षा सोपे निघाले. सुमारे तीन जीबीची फाइल उतरवून पेन ड्राइव्हवर चढवली की हार्ड डिस्कला हात न लावता तिथूनच मिंट चालवून पाहता येते. वायफाय, ध्वनी आणि प्रिंटर चालतात की नाही हे तेव्हाच कळत असल्याने हा टप्पा गाळू नये. उतरवलेल्या फाइलचा चेकसम (फाइल मुळासारखीच आहे का हे ओळखण्याचा अंक-अक्षरांचा ठसा) पडताळण्याचाही कंटाळा करू नये, कारण फेब्रुवारी २०१६ मध्ये मिंटच्याच संकेतस्थळात घुसखोरी होऊन १७.३ ची छुपे दार ठेवलेली प्रत लोकांच्या गळ्यात मारली गेली होती. मिंट २२ ही मालिका उबुंटू २४.०४ या दुसऱ्या लिनक्स प्रणालीच्या पायावर उभी आहे आणि तिला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. उबुंटूतली स्नॅप ही प्रोग्रॅम बसवण्याची व्यवस्था मात्र मिंटने बाजूला ठेवली आहे, आणि माझ्या मते ते शहाणपणाचेच झाले.

रोजच्या वापरात मिंटचा मोठा गुण म्हणजे ते मध्ये मध्ये बोलत नाही. कोणते खाते उघडा म्हणत नाही, जाहिरात दाखवत नाही, आणि ऐन विवरणपत्र भरताना संगणक स्वतःहून बंद करून चालू करत नाही. अपडेट आले की खालच्या पट्टीवरच्या ढालीच्या चिन्हावर एक ठिपका दिसतो, आणि ते कधी घ्यायचे हे आपण ठरवायचे. आमच्याकडे वीस वर्षे काम करणाऱ्या ज्येष्ठ लेखनिकांनी पहिल्या दिवशी डाव्या कोपऱ्यातला मेनू उघडून पाहिला आणि म्हणाले, "साहेब, हे तर जुन्या विंडोजसारखंच आहे की." ढोबळमानाने ते खरेही आहे. जीएसटी आणि प्राप्तिकराची जी कामे थेट पोर्टलवर होतात, ती फायरफॉक्समध्ये विनातक्रार झाली.

मराठीबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठीसाठी इनस्क्रिप्ट (भारतीय लिप्यांचा प्रमाण आराखडा) आणि उच्चारानुसारी असे दोन्ही आराखडे आधीपासून असतात, वेगळे काही विकत घ्यावे लागत नाही. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून J ही कळ दाबली की ऱ उमटतो, आणि त्याला हलन्त व य जोडला की 'दुसऱ्या' किंवा 'कोऱ्या' यांतला अर्धा र नीट वळणदार येतो. अडचण आली ती ल आणि श यांची. लिब्रेऑफिस या मोफत कार्यालयीन संचात मजकुराची भाषा हिंदी राहिली असेल, तर लोहित देवनागरीसारखा फॉन्टही हिंदी वळणाचा ल काढतो, आणि पत्र वाचणाऱ्याला काय खटकते ते सांगता येत नाही पण खटकते. पर्यायांमधल्या भाषांच्या पानावर जटिल लिपीसाठी मराठी निवडली की आपल्या वळणाची अक्षरे येतात. मंगल हा फॉन्ट मायक्रोसॉफ्टचा असल्यामुळे तो मिंटसोबत येत नाही, त्यामुळे जुन्या पत्रांतल्या ओळी दुसऱ्या फॉन्टमध्ये इकडच्या तिकडे सरकतात. ठरीव नमुन्याची पत्रे एकदा बसून दुरुस्त करणे हाच त्यावर उपाय आहे.

खरी कसोटी एक्सेलच्या फाइलींनी पाहिली. एका अशिलाने पाठवलेल्या खतावणीत एक्सलुकअप हे यादीतून नेमकी नोंद शोधून आणणारे सूत्र जागोजाग वापरलेले होते आणि आमच्या कॅल्कने, म्हणजे लिब्रेऑफिसमधल्या एक्सेलसारख्या प्रोग्रॅमने, ते ओळखलेच नाही. दोन तास डोके लावल्यावर कारण सापडले : मिंटसोबत लिब्रेऑफिसची २४.२ ही आवृत्ती येते आणि हे सूत्र २४.८ मध्ये दाखल झाले. मिंटच्या सॉफ्टवेअर व्यवस्थापकातून फ्लॅटपॅक या स्वतंत्रपणे बसणाऱ्या स्वरूपातली नवी आवृत्ती घेतली आणि तो प्रश्न मिटला, परंतु ही गोष्ट नवख्या माणसाला कोणी सांगत नाही, आणि दोष मिंटचा समजून तो विंडोजकडे परत जाण्याची शक्यता मोठी आहे. मॅक्रो (कामे आपोआप करणाऱ्या आज्ञा) असलेल्या फाइलींना मात्र असा उपाय नाही. साधे मॅक्रो चालतात, गुंतागुंतीचे अर्ध्यावर थांबतात. प्राप्तिकराचे विवरणपत्र तयार करण्याच्या मॅक्रो असलेल्या एक्सेल युटिलिटीसाठी खरे एक्सेलच हवे.

टॅली हे हिशेबाचे सॉफ्टवेअर तर विंडोजवरच चालते. विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणाऱ्या वाइनच्या आधाराने ते मिंटवर चालवण्याची खटपट आम्ही एका रविवारी केली आणि सोमवारी सोडून दिली, कारण दुसऱ्याच्या हिशेबांच्या बाबतीत 'चालले तर चालले' हे धोरण परवडत नाही. त्यामुळे चौथा, तुलनेने नवा संगणक विंडोज ११ वर नेला. टॅली आणि त्या एक्सेल युटिलिटी आता तिथेच असतात, आणि जुलैत विवरणपत्रांची गर्दी झाली की त्या एका खुर्चीसाठी रांग लागणार हे आत्ताच दिसते आहे. ज्या कार्यालयात प्रत्येकाच्या टेबलावर टॅली लागते, तिथे मिंट बसवण्याच्या भानगडीत पडू नये.

शेवटी टाइमशिफ्टविषयी. ही सोय मिंटमध्ये आधीपासून असते, आणि एखादे अपडेट बिघडले तर संपूर्ण प्रणाली पूर्वस्थितीत नेता येते. फेब्रुवारीत ग्राफिक्सच्या ड्रायव्हरने पडदा काळा केला तेव्हा तिने पंधरा मिनिटांत संगणक उभा केला. तिच्यावर विसंबून आमच्या एका सहायकाने मात्र कागदपत्रांची वेगळी नक्कल घेणे थांबवले होते. टाइमशिफ्ट मूळ मांडणीत वापरकर्त्याच्या फाइली जपतच नाही, फक्त प्रणालीच्या जपते, आणि चुकून पुसलेला एका संस्थेचा ताळेबंद त्यामुळे पुन्हा टंकावा लागला. आता दर शनिवारी संध्याकाळी बाहेरच्या हार्ड डिस्कवर सगळ्या फाइलींची नक्कल घेतली जाते, आणि तिची तारीख स्वतः पाहिल्याशिवाय मी कार्यालयाला कुलूप लावत नाही.