मंजुरीपत्रातलं पाचवं अक्षर

आमच्या कपाटात प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये एक मंजुरीपत्र ठेवलंय. माझ्या मोठ्या मुलीला पाच लाखांचं शैक्षणिक कर्ज मंजूर झाल्याचं. वर बँकेचं चिन्ह, खाली गोल शिक्का, निळ्या शाईची सही. पत्र खोटं आहे. त्या पत्रापायी आणि त्याच्या आगेमागे आमचे 1,25,750 रुपये गेले, मुलीचं एक वर्ष गेलं. हे मी माहेरीसुद्धा धड सांगितलं नव्हतं. पण आता पुन्हा सीईटीचे, इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेचे दिवस आलेत, गल्लीतली दोन पोरं यंदा बारावीला आहेत, आणि परवा त्यातल्या एकाची आई मला म्हणाली, "एक सर भेटलेत, सगळं करून देतात." त्या रात्री मला झोप लागली नाही. म्हणून लिहायला बसले.

आम्ही बार्शीचे. हे एसटीच्या आगारात मेकॅनिक, मी डबे करते. आम्ही ओबीसीत येतो. घरचं उत्पन्न वर्षाला चार लाखांच्या आसपास. मोठीला कॉम्प्युटर इंजिनिअरिंग करायचं होतं, तेही पुण्यात.

2024 च्या जूनमध्ये आम्ही दोघं आधी सरळ बँकेतच गेलो होतो, यांचा पगार जमा होतो त्याच शाखेत. टेबलावरच्या साहेबांनी मान वर न करता विचारलं, "जमीन आहे का? सात-बारा आणा, मग बघू." आमच्याकडे जमीन नाही. हे "बरं" म्हणाले आणि आम्ही बाहेर आलो. बाहेर उन्हात उभं राहून हे म्हणाले, "आपल्यासारख्यांचं काम नाही हे." आज मला माहीत आहे की ते साहेब चुकीचं बोलले. चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला आईवडील सहकर्जदार लागतात, तारण लागत नाही. त्याच्या वर साडेसात लाखांपर्यंत केंद्र सरकारची पतहमी योजना आहे, म्हणजे तिथेही घर-जमीन गहाण टाकायची गरज नसते. हे त्या दिवशी माहीत असतं तर मी तिथून उठलेच नसते. पण आम्ही उठलो. आणि बँकेत परत जायची लाज वाटायला लागली, तिथेच त्या माणसासाठी दार उघडलं.

स्टँडजवळ एका स्टेशनरीच्या दुकानावर त्या माणसाचं ऑफिस होतं, प्रवेशाची कामं करून देणारं. सगळे त्यांना 'सर' म्हणायचे. भिंतीवर हार घातलेल्या पोरांचे फोटो. पाचशे रुपये घेऊन ते कॅपचा, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेचा ऑप्शन फॉर्म (कुठली कॉलेजं हवीत ते सांगणारा) भरून द्यायचे, आणि मोठीचा फॉर्म त्यांनी खरोखर नीट भरला होता. चहा पाजायचे, मला ताई म्हणायचे, रात्री दहाला मेसेज केला तरी उत्तर द्यायचे. बँकेत ज्यानं वर बघितलं नाही तो एक माणूस, आणि हा एक माणूस. तुम्हीच सांगा, कुणावर विश्वास बसेल.

कॅपच्या दुसऱ्या फेरीत मोठीला सोलापुरात इलेक्ट्रॉनिक्सची जागा लागली. ती हिरमुसली. सर म्हणाले, "ही जागा सोडा. पुण्यात कॉम्प्युटरची इन्स्टिट्यूट लेव्हलची, कॉलेज स्वतः भरतं ती सीट मी देतो. मुलींना फी माफ झाली, पेपरात वाचलं ना? आत्ता भरलेली फी महाडीबीटीवरून, सरकारच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवरून, तुमच्याच खात्यात परत येणार."

पेपरात वाचलं होतं, आणि ते खरंही होतं. 8 जुलै 2024 ला शासन निर्णय निघाला होता: आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ. त्याआधी निम्मी माफ असायची. पण त्याच निर्णयात एक अट आहे, आणि आमचं सगळं नुकसान त्या एका अटीत आहे. प्रवेश केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून झालेला असला पाहिजे. व्यवस्थापन कोट्यातून किंवा कॉलेजच्या पातळीवर भरलेल्या जागेला एक पैसा मिळत नाही. अभिमत आणि खाजगी स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठंही यात बसत नाहीत. म्हणजे सोलापूरच्या त्या जागेवर मोठीची शिक्षण फी शून्य होती. पुण्याच्या जागेची फी वर्षाला 1,28,000 होती. हातचं सोडून पळत्याच्या मागे लागायला आम्हाला सरांनी सांगितलं, वर त्याचे 25,000 रोख घेतले. 'सीट ब्लॉकिंग' म्हणे. पावती नाही. वहीच्या पानावर त्यांनी स्वतःच्या अक्षरात '25 रोख' लिहून दिलं. तेवढाच आमच्याकडचा कागद.

मोठी त्यावेळी एकदा म्हणाली होती, "आई, वेबसाइटवर कॅप असं लिहिलंय." मी तिला म्हणाले, सरांना जास्त कळतं. हे वाक्य मी आयुष्यभर विसरणार नाही.

कॉलेजात पहिला हप्ता 40,000 भरला. त्यासाठी माझ्या पाटल्या गहाण पडल्या. बाकीच्यासाठी कर्ज. सर म्हणाले, बँकेच्या दारात जाऊच नका, आमच्या 'लोन मॅडम' आहेत, विद्यालक्ष्मीतून करून देतात. विद्यालक्ष्मी हे नाव खरं आहे. शैक्षणिक कर्जाचं ते केंद्राचं पोर्टल 2015 मध्ये सुरू झालं, त्यावर एका अर्जात तीन बँकांकडे मागणी करता यायची आणि अर्ज करायला पैसे लागत नव्हते. मॅडमनी मोबाइलवर पोर्टलचा स्क्रीनशॉट पाठवला, मोठीचं नाव, आधारचे शेवटचे चार आकडे, सगळं बरोबर. आम्हीच कागद दिले होते, बरोबर असणारच.

मग पैसे सुरू झाले. आधी फाइल चार्ज, जीएसटी धरून 2,950. इतकी नेमकी रक्कम की संशयच येऊ नये. मग विमा, 14,800. त्यानंतर चार दिवसांनी ते मंजुरीपत्र आलं व्हॉट्सअ‍ॅपवर. यांनी ते रंगीत छापून आणलं आणि देवापुढे ठेवलं. त्या संध्याकाळी मी डब्यात सगळ्यांना शिरा दिला.

पत्र आल्यावर मॅडम म्हणाल्या, पाच लाखांवर पाच टक्के मार्जिन मनी, 25,000. हेही अर्धं खरं! देशातल्या शिक्षणासाठी चार लाखांच्या वरच्या कर्जात पाच टक्के वाटा आपला असतो. पण तो आपण कॉलेजला भरतो आणि पावती बँकेला दाखवतो. कुठल्या मॅडमच्या यूपीआयवर टाकत नाही. पैसे पाठवताना स्क्रीनवर कुण्या बाईचं नाव आलं होतं. विचारलं तर सर म्हणाले, "आमच्या अकाउंटंट." मी हिरवं बटण दाबलं. हे 25,000 आणि शेवटचे 18,000 मी बचत गटातून 50,000 उचलले त्यातले. ते 18,000 'रक्कम मोकळी करण्याचा चार्ज' म्हणून मागितले होते. गटातल्या दोघी जणी माझ्यासाठी सह्या करून गेल्या. भाजी विकणाऱ्या बायका आहेत त्या.

त्यानंतर मॅडमचा फोन लागेना. सर म्हणायचे, सर्व्हर डाउन आहे. कॉलेजातून दुसऱ्या हप्त्याचे मेसेज येत होते. चौथ्या दिवशी मी यांना न सांगता ते पत्र पिशवीत घातलं आणि पत्रावर नाव असलेल्या बँकेच्या शाखेत गेले. तिथे एक तरुण बाई होत्या. त्यांनी पत्र हातात घेतलं, वाचलं, आणि शाखेच्या पत्त्याखालच्या आयएफएससी कोडवर, म्हणजे त्या शाखेच्या ओळखीच्या कोडवर बोट ठेवलं.

"ताई, हे बघा. हा कोड अकरा अक्षरांचा असतो. पहिली चार अक्षरं बँकेची, आणि पाचवं कायम शून्य. कुठलीही बँक असू दे. इथे शून्य नाही, इंग्रजी ओ आहे."

मी वाकून बघितलं. पुढच्या ओळीत तारखेतलं शून्य होतं, उभट, अंड्यासारखं. कोडातला ओ त्याच्या शेजारी ठेवला तर गोलमटोल, जरा रुंद. इतके दिवस ते पत्र देवापुढे होतं, रोज हळदकुंकू वाहताना मी ते बघत होते. त्या बाईंनी मला पाणी दिलं. मग म्हणाल्या, "पैसे कधी गेले? आत्ताच्या आत्ता 1930 ला फोन लावा, मी बसते तुमच्याबरोबर." त्यांच्याच टेबलावरून लावला. व्यवहाराचे नंबर त्यांनीच माझ्या मोबाइलमधून शोधून सांगितले.

1930 ही ऑनलाइन फसवणुकीसाठीची सरकारी हेल्पलाइन. तिथे फोन केला की पैसे ज्या खात्यात गेले ते खातं गोठवायचा प्रयत्न होतो, म्हणून तासांचा हिशेब असतो. आमचे पहिले पैसे जाऊन तीन आठवडे उलटले होते. शेवटच्या 18,000 मधले 6,200 तेवढे त्या खात्यात सापडले. कोर्टाच्या आदेशानंतर ते परत मिळाले, आठ महिन्यांनी. मी स्क्रीनवर त्या अनोळखी बाईचं नाव दिसलं तेव्हाच फोन केला असता तर, हा विचार अजून येतो.

त्याच आठवड्यात मोठीनं महाडीबीटीचा अर्ज भरायला घेतला. त्यात कॅपचं अलॉटमेंट लेटर मागतात. तिच्याकडे होतं ते सोडून दिलेल्या सोलापूरच्या जागेचं. कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात विचारलं तर क्लार्क म्हणाले, तुमचा प्रवेश इन्स्टिट्यूट लेव्हलचा आहे, अर्ज पुढे जाणारच नाही. मोठी वसतिगृहातून फोनवर एवढंच म्हणाली, "आई, मी घरी येते." प्रवेश रद्द केला. रद्द करायची मुदत उलटून गेली होती, भरलेले 40,000 परत आले नाहीत.

पोलीस ठाण्यात आधी नुसता अर्ज घेतला. तिसऱ्या खेपेला भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली फसवणुकीचा गुन्हा नोंदला. ज्या बाईच्या खात्यात पैसे गेले ती परराज्यातली निघाली, तिनं म्हणे आपलं खातं दुसऱ्याला वापरायला दिलं होतं. 'लोन मॅडम' सापडल्या नाहीत. आणि सर? सर म्हणतात मलाही फसवलं, मी फक्त नंबर दिला. कर्जाच्या बाबतीत ते खरंही असेल, मला माहीत नाही. पण कॅपची जागा सोडायला लावली ती त्यांनी स्वतःच्या तोंडानं, आणि 25,000 घेतले ते स्वतःच्या हातानं. दहा वर्षं प्रवेशाचं काम करणाऱ्या माणसाला ती अट माहीत नव्हती, यावर माझा विश्वास नाही.

त्या परवाच्या बाईला मी जे विचारलं ते इथेही विचारते. सर कुठली जागा देतायत, कॅपची की कॉलेजची? तेवढं एकच आधी विचारा, आणि उत्तर तोंडी घेऊ नका, अलॉटमेंट लेटर बघा. कॉलेजची फी किती हे एजंटला विचारू नका. शुल्क नियामक प्राधिकरणानं ठरवून दिलेली फी त्यांच्या वेबसाइटवर कॉलेजवार असते. आणि पोरगी किंवा पोरगा काही वाचून दाखवत असेल तर ते ऐका, मी ऐकलं नाही. बँकेत एकानं हाकललं तर दुसऱ्या शाखेत जा, दुसऱ्यानं हाकललं तर तिसऱ्या. लेखी नकार मागा. मला हे फार उशिरा जमलं.

मोठीनं ते वर्ष घरी काढलं. सकाळी माझ्याबरोबर पोळ्या लाटायची आणि दुपारी अभ्यास. शेजारपाजारचे विचारायचे, कॉलेज का सोडलं, ती उत्तर द्यायची नाही. 2025 मध्ये पुन्हा सीईटी दिली, ऑप्शन फॉर्म स्वतः भरला, आणि कॅपमधून पुण्यातच आयटीला जागा लागली. वसतिगृह आणि लॅपटॉपसाठी दीड लाखाचं कर्ज काढलं, त्याच तरुण बाईंच्या शाखेतून. मंजुरीपत्र त्यांनी समोर बसवून वाचून दाखवलं. आधी एक रुपया मागितला नाही. वसतिगृहाची रक्कम बँकेनं सरळ कॉलेजच्या खात्यात भरली, लॅपटॉपची दुकानदाराच्या.

कॉलेजच्या पावतीवर शिक्षण शुल्काच्या रकान्यात शून्य आहे. विकास शुल्क तेवढं आम्ही भरलं. ती पावती मी त्याच फोल्डरमध्ये ठेवलीये, खोट्या पत्राच्या मागे. पाटल्या अजून सुटलेल्या नाहीत. गटाचा हप्ता दर महिन्याच्या 10 तारखेला जातो, पाच राहिलेत.