टायर बदलल्यावर गाडी झुकली आणि माझे 28,650 रुपये गेले, तुमचे जाऊ देऊ नका

चार-पाच दिवस लिहू की नको चाललं होतं, घरात सगळे म्हणाले गप्प बस, लोक हसतील. हसू देत. पण आमच्या गोव्यातल्या डिचोलीकडचा अजून एक जण त्याच दुकानात जाऊन तसाच लुटला गेला तर मला झोप लागणार नाही.

ऑगस्ट 2025, चवथीच्या आठ दिवस आधीची गोष्ट. माझी स्विफ्ट, 48 हजार किलोमीटर झालेली, पुढचे दोन्ही टायर घासले होते आणि पावसात ब्रेक मारला की गाडी सरकायची, म्हणून म्हापशाकडच्या रस्त्यावरच्या एका दुकानात गेलो. दोन टायर 4,350 प्रमाणे 8,700, बॅलन्सिंग-अलाइनमेंट 650, एकूण 9,350 दिले. बिल साध्या कागदावर, "टायर 2 नग" एवढंच. साईज नाही, जीएसटी नंबर नाही.

आता जे आठवलं की अजून अंगाची लाही होते ते सांगतो. डावं चाक उघडून ठेवलेलं, पोरगा नवीन टायर उभा धरून त्याच्यावर अंगठा फिरवत होता, आणि तो मालकाला स्पष्ट म्हणाला, "पात्रांव, हो सत्तर आसा" (म्हणजे, मालक, हा सत्तर आहे). मालक वर न बघता म्हणाला, "घाल रे, दोनूय एकूच" (दोन्ही एकच). मी चार हातांवर उभा होतो. ऐकलं मी ते! पण कानाला फोन, बायको माटोळीचं (गणपतीच्या वर बांधतात त्या फळा-भाज्यांच्या मांडणीचं) सामान सांगत होती, बाहेर धो धो पाऊस, शेडमध्ये एकच ट्यूबलाईट, आणि आपण पैसे देतोय म्हणजे समोरचा बरोबर टायर घालणार असंच कोणीही धरून चालतो ना? मी मेकॅनिक नाही, हायस्कूलात क्लार्क आहे. तरी तिथेच वाकून बघायला हवं होतं, दहा सेकंदांचं काम होतं.

दुसऱ्या दिवशी अंगणात गाडी लावली तर पुढून डावीकडे बसलेली दिसली. रस्त्यावर स्टिअरिंग सोडलं की डावीकडे ओढायची. हवा तपासली, दोन्हीकडे 30. परत दुकानात गेलो. त्याने टेप काढला, जमिनीपासून मडगार्डपर्यंत मोजलं, मला दाखवलं, "बघा साहेब, दीड सेंटीमीटर खाली, स्प्रिंग बसलीय, शॉकअप पण गेलेत, असं चालवलंत तर नवीन टायर महिन्यात खाईल." आईला डोळ्याच्या ऑपरेशनला न्यायचं होतं, म्हणून घाबरून हो म्हटलं. शॉकअप जोडी 7,800, स्प्रिंग 3,600, माउंट 1,400, मजुरी 1,500, परत अलाइनमेंट 400. म्हणजे 14,700. जुने पार्ट मागितले तर म्हणे भंगारवाला घेऊन गेला. जुने पार्ट काम सुरू व्हायच्या आधीच सांगून ठेवा, आपल्या समोर डिकीत टाकायला लावा.

आणि गाडी? तश्शीच झुकलेली. तर म्हणे "नवीन स्प्रिंग आहे, पाचशे किलोमीटरनंतर बसेल." तेही मी मानलं.

पकडलं ते आमच्या भावोजींनी. 2012 ला खाणी बंद पडल्या तोपर्यंत ते टिपर चालवायचे. घरी आले, काही बोलले नाहीत, टेप मागितला, खाली बसले. आधी चाकाच्या मध्यापासून मडगार्डपर्यंत मोजलं, दोन्हीकडे सारखं. मग जमिनीपासून चाकाच्या मध्यापर्यंत, उजवीकडे 28.8, डावीकडे 27.2. म्हणाले, "वरचं माप सारखं म्हणजे स्प्रिंगचा काही दोष नाही, फरक खाली चाकातच आहे." मग पुढची दोन्ही चाकं अदलाबदल केली. झुकाव उजवीकडे गेला! स्प्रिंग खराब असती तर डावीकडेच राहिला असता. मोबाईलची बॅटरी मारून टायरवर वाचलं, एकावर 165/80 आर 14, दुसऱ्यावर 165/70 आर 14. बाकी सगळे आकडे सारखे, फरक फक्त 80 आणि 70 चा. तो दुसरा आकडा म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के, 165 चे 80 टक्के 132 मिलिमीटर आणि 70 टक्के 115.5, म्हणजे साडेसोळा मिलिमीटर तिथेच गेले. आणि त्या सत्तरवाल्यावर तारीख 3117. 2017 सालच्या 31 व्या आठवड्यातला टायर मला 2025 मध्ये नवीन म्हणून विकला! हे चार आकडे टायरवर बाजूला एका छोट्या चौकटीत असतात, एकाच बाजूला असतात कधीकधी, आतली बाजू पण बघा.

दुकानदार म्हणाला, "आमचा टायर कशावरून? बिलावर साईज खंय (कुठे) आसा?" त्या कोऱ्या बिलाचा उपयोग तेव्हा कळला.

पोलिसांकडे गेलो तर दीड तास बाकड्यावर बसवून सांगितलं हे सिव्हिल मॅटर, लेखी अर्ज सुद्धा घेतला नाही. तिथून एका सरकारी ऑफिसात, तिथला माणूस म्हणे हे आमच्याकडे येत नाही, दुसऱ्या मजल्यावर जा. दुसऱ्या मजल्यावर साहेब साईटवर. दुसऱ्या दिवशी हाफ डे रजा टाकून गेलो तर साहेब मीटिंगमध्ये, तिसऱ्या वेळी भेटले आणि विचारतात, "घेताना बघून का नाही घेतला?" अरे, मग तुम्ही कशाला आहात? बघून घ्यायची जबाबदारी माझी, पुरावा आणायची माझी, रजा माझी, आणि ज्याने भर पावसाळ्यात पुढच्या चाकांना दोन मापांचे टायर लावले त्याला साधा फोन करायला कोणाला वेळ नाही! माझी आई बसणार होती त्या गाडीत.

शेवटी एका ओळखीच्या वकिलाने सांगितलं की ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि दोन वर्षांत तक्रार करता येते. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर पण नोंद होते. अर्ज भरला आहे. बरोबर मापाचा टायर दुसरीकडे 4,600 ला घेतला, त्याच्या बिलावर साईज, तारखेचे आकडे, जीएसटी नंबर सगळं लिहून घेतलं, मालक कंटाळला तरी.

तो सत्तरवाला टायर फेकलेला नाही. प्लास्टिकमध्ये गुंडाळून पडवीत ठेवलाय, आकडे दिसतील असा. तारीख लागली की तोच घेऊन जाणार.