उंच गवतासाठी घायपाताचा दोर: रविवार पेठेतला माल वापरून बघितला

दिवाळीच्या किल्ल्यावर आपल्याकडे आळीव पेरतात. हिरवंगार दिसतं, पोरांना पाणी घालायला आवडतं, ते राहू दे. पण छोट्या मावळ्याची मूर्ती ज्या पाटीवर उभी करतो त्या तळावर वर्षानुवर्षं टिकणारं, कमरेइतकं वाळकं गवत करायचं असेल तर माझं मत स्पष्ट आहे: घायपाताचा (सिसलचा) दोर घ्या. बेळगावात रविवार पेठेत दोरखंडाची दुकानं आहेत, तिथे कासऱ्याच्या आणि दाव्याच्या भेंडोळ्यांत तो अजून मिळतो.

पाकिटातलं गवत वाईट आहे असं नाही. बारा मिलिमीटरच्या नायलॉन तंतूंचं पाकीट आणि ते उभं करणारं हातातलं यंत्र, दोन्ही माझ्या टेबलावर आहेत. यंत्राची चिमटी तळाच्या ओल्या फेविकॉलात लावायची आणि तंतू भरलेली त्याची जाळी वर धरून हलवायची. विजेच्या दाबाने तंतू सरळ उभे रुततात. 28 मिलिमीटरच्या मूर्तीभोवती हे काम सुंदर होतं. मी करतो ते मावळे मात्र 54 मिलिमीटरचे, म्हणजे साधारण 1:32 प्रमाणातले. त्यांच्या गुडघ्याला पोचायलाच 15 मिलिमीटर लागतात, कमरेला 30. शिवाय आपल्या जुलैच्या हवेत त्या तंतूंचे गोळे होतात आणि जाळीतून पडतच नाहीत.

मला हवं होतं येळ्ळूरच्या राजहंसगडावरचं गवत. पाऊस संपला की तिथली कुसळी बुडाशी हिरवट, वर पिवळी होते, शेंड्याला तांबूस कुसळं धरतात आणि खाली उतरेपर्यंत पॅन्टभर टोचत राहतात. मावळा त्यात दबा धरून बसला तर नुसतं पागोटं दिसायला पाहिजे.

दुकानात मी दोर बोटांनी उलगडून बघायला लागलो तसे मालक म्हणाले, "नायलॉनचं न्या की ओ, टिकतंय." गवत करायचंय म्हटल्यावर त्यांनी न हसता आतून दुसरं भेंडोळं काढलं, तेल कमी लागलेलं आणि रंगाने फिकट. माल वजनावर मिळतो, पण हातभर तुकडाही तोडून देतात. तेवढ्यात दोन-तीन मोठे तळ सहज होतात. गिऱ्हाईक कन्नडमधून विचारो की मराठीतून, मालक त्याच शांतपणे दोर मापतात. अशा दुकानात परत जावंसं वाटतं.

आता मालाबद्दल. मी उद्यमबागेत फाउंड्रीसाठी लाकडी पॅटर्न, म्हणजे ओतकामाचा साचा ज्यावरून घेतात तो नमुना, करतो, त्यामुळे मायक्रोमीटर हाताशी असतो. या दोराचा एकेक धागा 0.2 मिलिमीटरच्या आसपास भरला. 32 ने गुणलं की साडेसहा मिलिमीटरच्या आत, म्हणजे जाड गवताची काडी. बरोब्बर. हाच धागा 28 मिलिमीटरच्या मूर्तीशेजारी लावला तर काडी अकरा मिलिमीटरची होते आणि मावळा जोंधळ्यात उभा राहिल्यासारखा दिसतो. लहान मूर्तींना तागाची सुतळीच बरी, ती बारीक असते. पण सुतळीला ताठपणा नाही. तीस मिलिमीटर उंच ठेवली की मान टाकते, आणि अंगावरची लव कितीही काढली तरी पुन्हा निघते. काथ्याचा प्रश्न उलटा, तो ताठ आहे पण वळलेलाच राहतो.

घायपातालाही पीळ असतोच. तो काढण्यात खरं काम आहे. वीतभर तुकडा कापायचा, पदर सोडवायचे, कपडे धुण्याची पावडर टाकलेल्या गरम पाण्यात भिजवायचे म्हणजे तेल सुटतं. तेल राहिलं तर रंग धरत नाही. मग ओला असतानाच बारीक फणीने विंचरायचा आणि खाली वजन बांधून टांगून वाळवायचा. दुसऱ्या दिवशी हातात येतो तो सरळ, लख्ख, गव्हाच्या काडाच्या रंगाचा झुपका. शेंड्याकडे रंग लावायची गरजच नाही. बुडाला तेवढा पातळ हिरवट तपकिरी हात द्यायचा.

झुपका दोऱ्याने बांधून बूड फेविकॉलात बुडवतो, सुकल्यावर ब्लेडने सपाट कापतो. तळाला दीड मिलिमीटरचं भोक पाडून त्यात बसवतो आणि डिंक ओला आहे तोवर बोटाने फाकवतो. शेंडे कात्रीने एका रेषेत कापू नका, तिरके, एकेक करून छाटा. कुसळांसाठी शेंड्याला डिंकाचा थेंब लावून सागवानाच्या चाळलेल्या भुशात टेकवतो. तो भुसा आमच्या शॉपमध्ये हवा तेवढा पडलेला असतो, आणि त्याचा तांबूसपणा कुसळीला फारच शोभतो.

उणं काय? एक, बुरशी. पावसाळ्यात उघड्या तळावर काळे ठिपके येतात, म्हणून शेवटी बिनचमकीच्या व्हार्निशचा फवारा हवाच. दुसरं जास्त महत्त्वाचं: हे वाळकं गवतच आहे, भुरकन पेटतं. गल्लीतल्या किल्ल्यावर वापरणार असाल तर पणत्या पायथ्यापासून लांब, वेगळ्या कट्ट्यावर ठेवा, आणि पोरांना ते आधी सांगा.

खरेदी बेंदराच्या आधी करा. ज्येष्ठ पौर्णिमेला बैलांसाठी नवे कासरे लागतात, त्यामुळे त्या दिवसांत दुकानात निवडायला भेंडोळी जास्त असतात. पावसात पडून राहिलेल्या दोराला कुबट वास येतो आणि धागा काळवंडतो. रंगवलेला दोर नको म्हणून सांगा, उजेडात आणून धागा बघा, आणि घरी आणल्यावर दिवाळीपर्यंत कोरड्या जागी टांगून ठेवा.