आपलंच विंडोज आपल्यालाच विकलं

नाशिकच्या इंदिरानगरमधल्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी दिवाळीच्या तोंडावर लॅपटॉप दुरुस्तीला दिला आणि ९,७०० रुपये मोजून घरी आणला. त्यातले ५,७०० रुपये ज्या गोष्टींसाठी गेले, त्या एक तर बाईंच्या मालकीच्या आधीपासून होत्या किंवा कुणालाही फुकट मिळतात. दुकानाचं नाव इथे देत नाही. हाच प्रकार थोड्याफार फरकाने अनेक घरांत होऊ शकतो, आणि तो ओळखायला पाच मिनिटं पुरतात, म्हणून सगळं तपशिलात लिहितो आहे.

लॅपटॉप २०२० सालचा. दहाव्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, ८ जीबी रॅम, १ टीबीची हार्ड डिस्क. विंडोज १० होम आणि ऑफिस २०१९ ही दोन्ही कंपनीकडूनच आलेली, म्हणजे त्यांचे पैसे खरेदीच्या किमतीतच भरलेले. तक्रार एकच होती, चालू व्हायला सात-आठ मिनिटं लागतात. दुकानात सांगितलं गेलं, “विंडोज १० सरकारी बंद झालंय, आता मशीन चालणारच नाही, ओरिजिनल विंडोज ११ विकत घ्यावं लागेल.”

यात खरं एवढंच, की मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चे नेहमीचे मोफत अपडेट थांबवले. सरकारचा यात काही संबंध नाही, आणि त्या तारखेने एकही मशीन बंद पडलं नाही. सुरक्षेचे अपडेट येणं थांबतं, आणि ते गंभीर आहेच. पण दहाव्या पिढीच्या मशीनला विंडोज ११ हे विंडोज अपडेटमधूनच मोफत मिळतं.

साध्या कागदावर पेनाने लिहिलेला हिशेब असा होता: विंडोज ११ प्रो ओरिजिनल २,५००, ऑफिस १,५००, तीन वर्षांचा अँटीव्हायरस १,२००, मराठी टायपिंग ५००, २५६ जीबी एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क) ३,२००, डेटा काढून देणं ८००. जीएसटी क्रमांक नाही, दुकानाचा शिक्का नाही.

फसवणुकीचं मूळ पहिल्याच ओळीत आहे. विंडोज ८च्या काळापासून, म्हणजे २०१२पासून, ब्रँडेड लॅपटॉपच्या मदरबोर्डवरच्या चिपमध्ये विंडोजची की, म्हणजे परवान्याचा संकेतांक, कारखान्यातच भरलेली असते. डिस्क बदला, फॉरमॅट करा, ती की जागची हलत नाही. त्याच आवृत्तीचं विंडोज पुन्हा टाकलं की इन्स्टॉलर चिपमधली की स्वतः वाचतो, आणि इंटरनेट जोडल्यावर परवाना आपोआप चालू होतो. विंडोज १० होमची की विंडोज ११ होमलाही चालते. त्यामुळे असा लॅपटॉप फॉरमॅट करताना विंडोजचे वेगळे पैसे लागतच नाहीत. फार तर मजुरी द्यावी.

म्हणूनच घरच्या माणसाने पहिली तपासणी ही करावी: सेटिंग्ज, सिस्टीम, अबाउट इथे ‘एडिशन’ वाचा. लॅपटॉप होम घेऊन आला होता आणि दुरुस्तीनंतर प्रो दिसतं आहे, तर परवान्याचं बिल मागा. दुकानांत प्रो का टाकतात? एकच क्रॅक केलेला, म्हणजे परवान्याची तपासणी चुकवणारा, पेन ड्राइव्ह सगळ्या मशीनना चालवायचा असतो.

बाईंना शंका आली ती अँटीव्हायरसमुळे. तीन वर्षांचा म्हणून दिलेला अँटीव्हायरस एकतिसाव्या दिवशी ‘मुदत संपली’ म्हणू लागला. ती कंपनीच्या संकेतस्थळावर कुणालाही मिळणारी ३० दिवसांची चाचणी आवृत्ती होती. मग विंडोज तपासलं. विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबलं की रनची छोटी चौकट उघडते. तिच्यात इंग्रजीत एस-एल-एम-जी-आर ही पाच अक्षरं सलग, एक जागा सोडून उजवीकडे झुकलेली तिरकी रेघ, तिला चिकटून एक्स-पी-आर, मग एंटर. दोन-तीन सेकंदांनी राखाडी खिडकी आली. वरच्या ओळीत ‘प्रोफेशनल एडिशन’, खाली ‘व्हॉल्यूम ॲक्टिव्हेशन विल एक्स्पायर’ आणि पुढे तारीख, सहा महिन्यांच्या आतली. विकत घेतलेल्या किंवा कारखान्यातून आलेल्या विंडोजला अशी तारीख नसते. तिथे ‘पर्मनंटली ॲक्टिव्हेटेड’ येतं.

व्हॉल्यूम परवाना हा कंपन्या, कॉलेजं, बँका यांच्यासाठी असतो. संस्थेच्या सर्व्हरकडून तो १८० दिवसांसाठी मिळतो आणि पुन्हा पुन्हा नवा होत राहतो. क्रॅक करणारं साधन असा खोटा सर्व्हर उभा करतं. एक्स-पी-आरच्या जागी डी-एल-आय लिहिलं की कीची शेवटची पाच अक्षरंही दिसतात. इथे ती ‘टी ८३ जी एक्स’ होती. विंडोज प्रोसाठी ही मायक्रोसॉफ्टने सगळ्या संस्थांकरिता जाहीर केलेली सामायिक की आहे, एका मशीनला दिलेला परवाना नव्हे. मात्र ‘पर्मनंटली’ दिसलं की सगळं आलबेल, असंही धरू नका. काही क्रॅक कायमचा परवाना दाखवतात. म्हणून एडिशन आणि बिल यांची जुळणी आधी.

“चालतंय ना, मग काय बिघडलं?” असं बरेच जण विचारतात. बिघडतं ते असं. क्रॅक टाकताना डिफेंडर, म्हणजे विंडोजचा स्वतःचा अँटीव्हायरस, बंद करावा लागतो किंवा त्याला एखादं फोल्डर ‘तपासू नको’ म्हणून सांगावं लागतं. विंडोज सिक्युरिटी, व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, मॅनेज सेटिंग्ज, आणि सर्वांत खाली एक्स्क्लूजन्स. ही यादी घरच्या मशीनवर रिकामी असायला हवी. या लॅपटॉपवर तिच्यात विंडोजच्याच फोल्डरमधलं एक उपफोल्डर होतं. त्यात उद्या काहीही येऊन बसलं तरी डिफेंडर तिकडे पाहणार नाही, आणि याच मशीनवरून बाई पेन्शनचं बँक खातं उघडतात.

ऑफिसची गोष्ट जास्त चीड आणणारी आहे. लॅपटॉपबरोबर आलेलं ऑफिस पहिल्यांदा चालू करताना ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉग-इन केलं, त्या खात्याला ते कायमचं जोडलं जातं. त्याच खात्याने मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावर गेलं की ‘सर्व्हिसेस अँड सबस्क्रिप्शन्स’मध्ये ते सापडतं आणि पुन्हा उतरवता येतं. बाईंना फक्त जुना ईमेल आठवायला हवा होता. ऑफिस २०१९चे अपडेटही १४ ऑक्टोबर २०२५लाच संपले, हे खरं. पण पत्रं, हिशेब, पीडीएफ एवढंच काम असेल तर लिब्रेऑफिस पुरतं. ते मोफत आहे आणि त्याचे मेनू मराठीतही मिळतात. मराठी टायपिंगसाठी तर एक पैसाही देऊ नका. सेटिंग्जमध्ये टाइम अँड लँग्वेज, तिथे मराठी भाषा जोडा; इन्स्क्रिप्ट आणि फोनेटिक दोन्ही कीबोर्ड मिळतात. विंडोजचं बटण आणि स्पेसबार दाबलं की भाषा बदलते.

हिशेबात खरं उपयोगी काम होतं ते एसएसडीचं. मशीन खरोखर त्यानेच वेगवान झालं. पण त्यातच सर्वांत धोकादायक गोष्ट घडली: जुनी डिस्क परत दिली नाही. “खराब झाली होती, टाकून दिली.” तिच्यात आधार आणि पॅनचे स्कॅन, आयकराची विवरणपत्रं, वीस वर्षांचे फोटो. झटपट फॉरमॅट केलेल्या डिस्कवरूनही फायली परत काढता येतात, आणि ही तर फॉरमॅटही केलेली नव्हती. जुना भाग तुमचा असतो. खराब असला तरी हातात घ्या. अडीच इंची डिस्क काही शे रुपयांच्या यूएसबी केसिंगमध्ये बसवली की बॅकअपला उपयोगी पडते.

लॅपटॉप पुन्हा मार्गी लावायला फार काही लागलं नाही. आधी सगळा डेटा बाहेरच्या डिस्कवर काढला. ८ जीबीचा पेन ड्राइव्ह (तो पूर्ण पुसला जातो), दुसरं मशीन, मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरचं मीडिया क्रिएशन टूल. मग पेन ड्राइव्हवरून सुरुवात: डेल आणि लेनोव्होला एफ १२, एचपीला एफ ९, असुसला एस्केप. जुने सगळे पार्टिशन (डिस्कचे कप्पे) काढून टाकले, कारण वरवर दुरुस्ती केली तर क्रॅकचे अवशेष राहू शकतात. इन्स्टॉलरने की विचारलीच नाही, होम आपोआप निवडलं. वाय-फाय जोडल्यावर ‘ॲक्टिव्हेशन’समोर डिजिटल लायसन्स आलं. खर्च शून्य, वेळ दीड तास. अँटीव्हायरस म्हणून विंडोजचा डिफेंडरच ठेवला. घरच्या वापराला तो पुरे.

तुमचं मशीन इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचं असेल तर विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही. तरीही घाई नको. विंडोज अपडेटमध्ये ‘एनरोल’चा दुवा दिसतो, मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉग-इन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला तर १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत सुरक्षा अपडेट पैसे न देता मिळतात. त्यानंतर ब्राउझर आणि ईमेलपुरतं, विंडोजच्या जागी टाकायची मोफत प्रणाली लिनक्स मिंट उत्तम.

दुरुस्तीला देण्याआधी टास्क मॅनेजरमधल्या परफॉर्मन्सच्या पानाचे फोटो काढा, रॅम किती आणि डिस्क कोणती ते दिसेल असे. अबाउटचं पानही. आणि चिठ्ठीवर लिहून सही घ्या: “काढलेले सर्व भाग परत द्यावेत. विचारल्याशिवाय सॉफ्टवेअर टाकू नये. जीएसटी बिल द्यावं.” सही द्यायला नाखूश असेल, तिथून लॅपटॉप उचलून दुसरीकडे जा. एम. जी. रोडपासून नाशिकरोडपर्यंत पर्याय भरपूर आहेत.

बाईंकडे बिल नव्हतं, पण यूपीआयची नोंद आणि व्हॉट्सॲपवर ‘ओरिजिनल विंडोज टाकलंय’ असा दुकानदाराचा संदेश होता. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५वर तक्रार करता येते. पुढे जिल्हा ग्राहक आयोग आहेच. दोन वर्षांच्या आत जावं लागतं आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. (१९३० हा ऑनलाइन पैसे उडवल्याचा क्रमांक. अशा दुकानी व्यवहारासाठी तो नाही.) दुकानदाराला तीन ओळींचं लेखी पत्र गेलं, डिस्क परत द्या किंवा आयोगात भेटू. चौथ्या दिवशी डिस्क हातात आली आणि विंडोज व अँटीव्हायरसचे ३,७०० रुपये मिळाले. ऑफिस आणि टायपिंगच्या २,००० रुपयांची मागणी अजून चालू आहे.

डिस्क केसिंगमध्ये घालून क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्क तपासणाऱ्या प्रोग्रॅमने तपासली. ‘गुड’ असं निळ्या चौकटीत आलं, एकही खराब सेक्टर नाही. पाच आठवडे ती परक्याच्या हातात होती, त्यामुळे तिच्यातल्या सगळ्याची नक्कल झाली आहे असंच धरून फोनवरून ईमेल आणि बँकेचे पासवर्ड बदलले, बाकी सगळ्या उपकरणांवरून खातं लॉग-आउट केलं आणि आधारचं बायोमेट्रिक लॉक केलं.