कोकणात अचूक लंबकाचं घड्याळ: सागवानी दांडी, इन्व्हार की साधं पोलाद?

लंबकाचं घड्याळ स्वतः करायचं किंवा कारागिराकडून करून घ्यायचं म्हटलं, की खर्चाचा पहिला प्रश्न दांडीचा निघतो. चाकं, दाते, तबकडी नेटकी करणारा माणूस शोधला की सापडतो. पण घड्याळ दिवसाला दहा सेकंद चुकणार की अर्धा, हे लंबकाचा गोळा ज्या दांडीला टांगलाय ती ठरवते. या विषयावर हाती लागणारी पुस्तकं बहुतेक इंग्लंड-जर्मनीकडची. तिथला हिशोब रत्नागिरी-मालवणला जसाच्या तसा लावला, तर पैसे भलतीकडेच जातात.

आधी लांबीचं बघू. एका हेलकाव्याला एक सेकंद घेणारा लंबक लंडनला सुमारे 994 मिलिमीटरचा असतो. आपल्याकडे तो 991 आणि थोडा वर एवढाच भरतो, कारण विषुववृत्ताकडे येऊ तसं गुरुत्वाकर्षण कमी होत जातं. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ रिशे 1672 मध्ये पॅरिसहून दक्षिण अमेरिकेतल्या कायेनला गेला, तेव्हा त्याचं घड्याळ तिथे दिवसाला अडीच मिनिटं मागे पडायला लागलं. लंडनला बरोबर चालणारं घड्याळ रत्नागिरीत दिवसाला दोनेक मिनिटं मागे राहील. म्हणून इंग्रजी आराखड्यावरून काम करणार असाल तर गोळा वर-खाली करणाऱ्या खालच्या नटाला आटे भरपूर ठेवा. आणि एक आकडा डोक्यात ठेवा, पुढे सगळीकडे लागणार आहे: लंबक एक दशांश मिलिमीटर लांबला, की दिवसाला चार सेकंदांहून थोडं जास्त नुकसान.

पोलादी दांडी एका अंशाने तापली की दिवसाला अर्धा सेकंद घालवते. पितळेची असेल तर पाऊण सेकंदाच्याही वर. थंड देशात बिनशेगडीच्या खोलीत हिवाळा-उन्हाळ्यात पंधरा अंशांचा फरक पडला, तर पोलादाचे दिवसाला सात-आठ सेकंद गेलेच. याच दुखण्यावर इंग्रज घड्याळजी ग्रॅहॅमने 1720 च्या दशकात पाऱ्याचा लंबक काढला (दांडी खाली लांबली की भांड्यातला पारा वर चढून भरपाई करतो) आणि त्याच सुमारास दुसरा इंग्रज घड्याळजी हॅरिसनने पितळ-पोलादाच्या, एकमेकींची वाढ खोडून काढणाऱ्या सळयांची जाळी.

आता आपल्याकडे या. किनाऱ्यावर जानेवारी आणि मे यांच्या सरासरी तापमानात फरक किती, तर पाचेक अंश. पावसाळ्यात तर रात्र आणि दिवस यांत फारसं अंतरच उरत नाही. म्हणजे साध्या पोलादी दांडीने वर्षभरात पडणारा फरक दिवसाला अडीच सेकंदांच्या आसपास. लंडनच्या कारागिराला हे सांगितलं असतं तर त्याने आपला हेवा केला असता.

मग सागवान? युरोपात लाकडी दांडीला गरिबाचा इन्व्हार (उष्णतेने जवळजवळ न वाढणारा मिश्रधातू) म्हणावं इतका मान आहे, कारण उष्णतेने लाकूड धाग्याच्या दिशेने पोलादाच्या जेमतेम तिसऱ्या हिश्शाने वाढतं. शिवाय आपल्याकडे पाडलेल्या घराची जुनी तुळई कोणाच्या तरी पडवीत पडलेली असतेच, त्यामुळे मोह होतो. पण कोकणात लाकडाचा वैरी ऊन नाही, दमट हवा आहे. ओलं लाकूड पूर्ण सुकताना लांबीत फक्त एक ते दोन दशांश टक्के आकसतं. सुताराच्या दृष्टीने हे काहीच नाही. घड्याळाच्या हिशोबात मात्र एक दशांश टक्का म्हणजे मीटरला एक मिलिमीटर, म्हणजे दिवसाला 43 सेकंद. त्यातला चौथा हिस्सा जरी जून ते सप्टेंबरात दांडीत शिरला, तरी दहा सेकंद गेले. साध्या पोलादाच्या चौपट.

लाखेचं पॉलिश इथे कामाचं नाही, दमट हवेत ते पांढुरकं पडतं. सागवानच हवा असेल तर सरळ धाग्याचं, वर्षानुवर्षं सुकलेलं लाकूड घ्या, इपॉक्सीचे दोन हात द्या आणि दोन्ही टोकं खास भरून घ्या. आट्यांचा स्क्रू जिथे लाकडात जातो त्या भोकाच्या आतल्या बाजूलाही लेप पोहोचला पाहिजे. ओल तिथूनच शिरते. एवढं करूनही ओल थांबत नाही, उशिरा पोहोचते एवढंच. दांडी दसऱ्यापर्यंत लांबत राहते आणि होळीच्या सुमाराला जागेवर येते. ज्याला दर पंधरवड्याला नट फिरवण्यातच मजा आहे, त्याने खुशाल सागवान लावावा. दिसायला त्याच्या जवळपास येणारं दुसरं काही नाही, हेही खरं.

इन्व्हार म्हणजे 36 टक्के निकेल आणि बाकी बहुतेक लोखंड. स्विस भौतिकशास्त्रज्ञ गियोमने तो 1896 मध्ये शोधला आणि 1920 चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्याला या कामासाठी मिळालं. त्याची दांडी एका अंशाला दिवसाला साधारण एक विसांश सेकंद घालवते, म्हणजे पोलादाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. ओलीने तो फुगतही नाही. म्युनिकच्या रीफ्लरने वेधशाळांसाठी केलेल्या घड्याळांची अचूकता याच मिश्रधातूच्या जिवावर दिवसाला सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत गेली.

पण विकत घेताना तीन गोष्टी विचारा. सळई तापवून, हळूहळू थंड करून स्थिर केलेली आहे का? नसेल तर ती टांगल्यावरही महिनोन् महिने आपली आपण लांबी बदलत राहते. वाटेत कुठे वाकवून सरळ केलेली नाही ना? ठोकाठोकीने तिचा गुण बिघडतो. तिसरी गोष्ट आपल्या किनाऱ्याची: इन्व्हारलाही गंज चढतो. खाऱ्या हवेत उघडी सळई घामेजल्या हाताने धरली की बोटांचे ठसे तांबूस होऊन वर येतात. पुसून, लॅकर मारून, मगच टांगावी.

पाऱ्याचा लंबक घरात नको, आणि यात वादाला जागा नाही. काचेचं भांडं फुटलं तर पारा फरशीच्या सांध्यांत जातो आणि त्याची वाफ विषारी. शिवाय आपल्याकडे बुरशी येऊ नये म्हणून कपाटात बल्ब लावून ठेवायची सवय असते. तसा बल्ब घड्याळाच्या पेटीत लावला, तर वरची हवा गरम आणि खालची थंड. दांडी तापते, तळाचा पारा मागेच राहतो. ज्या दुरुस्तीसाठी तो घ्यायचा, तीच बिघडते. ओल शोषायला सिलिका जेलच्या पुड्या बऱ्या.

राहिला सामना इन्व्हार आणि पोलादाचा. इथे माझं मत घड्याळाच्या उरलेल्या अंगावर अवलंबून आहे. लंबक मध्यापासून दोन अंश झुलत असेल आणि तेल घट्ट झाल्याने तो 1.9 वर आला, तर एवढ्यानेच दिवसाला अर्ध्या सेकंदाहून जास्त फरक पडतो. म्हणजे एस्केपमेंट (चाकांना एकेक दाता सोडून लंबकाला हलका धक्का देणारी यंत्रणा) ढिसाळ असेल तर महाग दांडी निव्वळ शोभेची. ग्रॅहॅमचं डेडबीट एस्केपमेंट, ज्यात चाक थांबताना मागे सरकत नाही, घरासाठी उत्तम. पॅलेटची, म्हणजे चाकाचे दाते अडवणाऱ्या जिभांची, तोंडं आरशासारखी घासलेली हवीत आणि तेल अगदी थेंबभर. लंडनच्या बिग बेनमध्ये 1859 पासून आहे ते ग्रॅव्हिटी एस्केपमेंट, ते मनोऱ्यांसाठी, जिथे काट्यांवर वारा आदळतो. हॅरिसनचं ग्रासहॉपर एस्केपमेंट तेलाशिवाय चालतं आणि त्याच्या विचारांवर इंग्रज घड्याळजी मार्टिन बर्जेसने रचलेलं घड्याळ 2015 मध्ये ग्रिनिचला 100 दिवसांत एका सेकंदाच्या आत राहिलं. पण ते करायला घेणारा कारागीर मिळाला, तर आधी त्याचं पूर्वीचं काम बघून या. हवेच्या दाबाची काळजी सोडा. पावसाळ्यात दाब काही मिलिबारने उतरतो, एका मिलिबारला दिवसाला सेकंदाचा शंभरावा भाग. त्यासाठी इंग्रज इंजिनिअर शॉर्टने 1921 मध्ये लंबक हवा काढलेल्या टाकीत ठेवला होता. तो उद्योग वेधशाळेचा.

तेव्हा डेडबीट चांगलं जमलं असेल तर इन्व्हार घ्या, नाहीतर पोलादी दांडी टांगा आणि उरलेले पैसे एस्केपमेंटवर घाला. दोन्हीत टांगणीची पातळ पट्टी साध्या स्प्रिंग-पोलादाची नको. तिच्यावर गंजाचा एक ठिपका पडला की एक दिवस गोळा तळाला. बेरिलियम-तांब्याची पट्टी मिळवा आणि एक जादा ठेवा.

भिंत जांभ्याची असेल तर ती जाड आणि जड, लंबकाला तशीच हवी. फक्त चिरा ठिसूळ असतो, प्लॅस्टिकच्या बुचात स्क्रू धरत नाही. लांब बोल्ट रासायनिक अँकरने बसवा. आणि घर गणपती-शिमग्यापुरतंच उघडत असेल, तर या तिन्हींपैकी काहीच घेऊ नका. आठ दिवसांची चावी द्यायला माणूस नसलेल्या घरात घड्याळ बंद पडून राहणार, तेल वाळणार आणि पट्टी गंजणार. शेजारच्या काकांनी दर रविवारी चावी द्यायचं कबूल केलं असेल, तर मात्र पोलादी दांडीचं बिनधास्त लावा.